छापील किमतीवर १० टक्के जादा? तसा नियम नाही

‘कोकणात वाहतूक महाग, म्हणून औषध दुकानांना छापील किमतीवर १० टक्के जादा घ्यायची मुभा आहे,’ हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरणारा निरोप चुकीचा आहे. १० टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपन्यांवर: २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, सरकारने कमाल दर न ठरवलेल्या औषधाची छापील किंमत त्यांना वर्षभरात त्याहून जास्त वाढवता येत नाही. दुकानदाराने वर एक रुपयाही घ्यायचा नाही; जीएसटी त्यातच धरलेला असतो. आजारी माणूस घासाघीस करत बसत नाही, म्हणून तर हा आदेश.

सुट्या गोळ्यांनाही तेच. १० गोळ्यांची पट्टी ४५ रुपयांची, तर ४ गोळ्यांचे १८, २० नव्हेत. पट्टी कापली की किंमत आणि मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो. आधी अख्खी पट्टी बघा, बिल घ्याच. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच पुरावा.