समीक्षकाला महोत्सव झेपेल का?

दिवाळीत सांगलीला गेलो असताना जुन्या मित्रांच्या बैठकीत, भडंगाच्या ताटाभोवती, एक बेत शिजत होता. गावात चार दिवसांचा चित्रपट महोत्सव भरवायचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ याच गावात उभे केले आणि तेव्हापासून आपण स्वतःला नाट्यपंढरीचे रहिवासी म्हणवून घेतो, मग पडद्याच्या वाट्याला एवढी उपेक्षा का, असा त्यामागचा युक्तिवाद होता आणि त्यावर सर्वांचे एकमत होते. वाद पेटला तो संचालक कोणी व्हायचे यावर. एकाने गावातल्या अशा गृहस्थांचे नाव सुचवले, जे वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणे लिहीत आले आहेत. त्यांना फक्त खोट काढता येते, असे कोणी म्हणाले. प्रायोजक कोण आणणार, असे दुसऱ्याने विचारले. आणि शेवटी अकरा जणांची समिती नेमावी म्हणजे कोणी नाराज होणार नाही, या सूचनेवर बैठक संपली. मी चार दिवसांचा पाहुणा होतो, म्हणून गप्प बसलो. ते गप्प बसणे मला नंतर बोचत राहिले.

मी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आंतीबला राहतो. जगप्रसिद्ध चित्रपट महोत्सव भरतो ते कान शहर तेथून रेल्वेने पाव तासावर आहे, आणि मे महिन्यात आमच्या कचेरीतले निम्मे लोक महोत्सवाच्या पासाच्या खटपटीत असतात. त्या महोत्सवाला आजचे रूप ज्यांनी दिले, ते झील झाकोब मुळात समीक्षकच होते. १९३० मध्ये पॅरिसमध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि युद्धकाळात नाझींपासून वाचण्यासाठी त्यांना ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत लपून राहावे लागले. पुढे घरच्या उद्योगाचा कारभार सांभाळत त्यांनी चित्रपटांवर लिहिले, ‘लेक्सप्रेस’ या साप्ताहिकात परीक्षणे केली, आणि १९७८ मध्ये कानच्या निवडीची सूत्रे त्यांच्याकडे आली. व्यवहार कळणारा समीक्षक सापडणे अवघड, असे आमच्या बैठकीत गृहीत धरले गेले होते. येथे तो हिशेबाच्या वह्यांमधूनच वर आला होता.

त्यांच्या हाती नेमके काय आले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७२ पर्यंत कानला कोणता चित्रपट जायचा हे बहुतांशी त्या त्या देशाचे अधिकृत मंडळ ठरवीत असे, आणि महोत्सव यजमानासारखा आलेले पदरात घेत असे. ही पद्धत सरसकट वाईट होती असेही नाही, कारण १९५६ मध्ये ‘पथेर पांचाली’ त्याच काळात तेथे पोहोचला आणि गौरवला गेला. परंतु सरकारला जे जगापुढे न्यायचे नसते, ते अशा वाटेने कधीच जात नाही. १९७२ पासून निवड महोत्सवाने स्वतःकडे घेतली आणि झाकोब यांनी त्या अधिकाराला धार दिली. पोलंडच्या राज्यकर्त्यांना नकोसा झालेला तिथलेच दिग्दर्शक वायदा यांचा ‘मॅन ऑफ मार्बल’ त्यांनी पहिल्याच वर्षी दाखवला. त्याचा उत्तरार्ध असलेल्या ‘मॅन ऑफ आयर्न’ला १९८१ मध्ये पाम दोर हे कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि १९८२ मध्ये ते तुर्कस्तानच्या तुरुंगातून निसटलेल्या यिल्माझ ग्युने यांच्या ‘योल’ला विभागून मिळाले. पहिल्याच वर्षी त्यांनी स्पर्धेबाहेरच्या वेगळ्या वाटेच्या चित्रपटांसाठी ‘अँ सर्तँ रगार’ हा विभाग आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठी ‘कॅमेरा दोर’ हा पुरस्कार सुरू केला. मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ १९८८ मध्ये आणि मुरली नायर यांचा ‘मरणसिंहासनम्’ १९९९ मध्ये याच पुरस्कारामुळे जगाच्या नजरेत आले.

येथे राहून या गोष्टींचे अप्रूप वाटते हे खरे, पण आंधळे होण्याचेही कारण नाही. एका माणसाच्या रुचीवर चालणाऱ्या महोत्सवात त्या रुचीचे आंधळे कोपरेही जपले जातात. १९९४ च्या ‘स्वाहम्’नंतर २०२४ मध्ये पायल कपाडिया यांचा चित्रपट येईपर्यंत तीस वर्षे एकही भारतीय चित्रपट मुख्य स्पर्धेत नव्हता, आणि त्यांतली पहिली काही वर्षे झाकोब यांच्याच निवडीची होती. २०१२ मध्ये, ते अध्यक्ष असताना, मुख्य स्पर्धेत एकाही स्त्री दिग्दर्शिकेचा चित्रपट नव्हता. त्यावर येथे मोठा गदारोळ झाला, आणि तो झाला याचे कारण जाब कोणाला विचारायचा हे सर्वांना ठाऊक होते. अकरा जणांच्या समितीत तो प्रश्न विचारला असता तर प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवले असते.

प्रायोजकांचा आक्षेप मात्र खोटा नाही. त्याचे उत्तर कानने पदांच्या वाटणीत शोधले आहे: अध्यक्षाने सरकार, नगरपालिका आणि पैसा सांभाळायचा, आणि निवड करणाऱ्याने चित्रपट पाहायचे. झाकोब यांनी आधी दुसरे काम केले आणि २००१ ते २०१४ या काळात पहिले. ही काही फ्रेंचांनीच लावलेली युक्ती नव्हे. सुधीर नांदगावकर हे मराठीतले समीक्षक; १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीची उभारणी करण्यात ते पुढे होते, आणि पुढे मुंबईच्या थर्ड आय आशियाई महोत्सवाचे संचालकपद त्यांनी सांभाळले, तेव्हा अध्यक्षपदी किरण शांताराम होते. म्हणजे सांगलीहून रात्रीच्या गाडीने गाठता येईल इतक्या अंतरावर हा प्रयोग होऊन गेलेला आहे, आणि आम्ही मात्र भडंग खात तो अशक्य ठरवत होतो.

राहिला खोट काढण्याचा मुद्दा. निवड करणाऱ्याचे मुख्य काम नकार देणे हेच असते, कारण चार दिवसांत वीस-बावीस चित्रपट मावतात आणि दारात उभे असलेले कितीतरी असतात. समीक्षकाला नकाराचे कारण लिहून, खाली स्वतःचे नाव घालून देण्याची सवय असते. आपल्याकडे नकार देताना सगळेच संकोचतात, म्हणून समितीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा एकेक चित्रपट आत येतो आणि कार्यक्रमपत्रिका लग्नाच्या पंगतीसारखी दिसू लागते. उद्घाटनाला दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते करायचे यावर दोन तास गेलेली एक बैठक मी स्वतः पाहिली आहे. चित्रपटांची यादी त्यानंतर दहा मिनिटांत संमत झाली.

हे सगळे मी मित्रांना पत्राने कळवले. उत्तर आले की समिती आता नऊ जणांची केली आहे, आणि त्या गृहस्थांना ‘सल्लागार’ म्हणून घेतले आहे. सल्लागाराने यादी करायची की फक्त वाचायची, हे मी उलट टपाली विचारले आहे. नाट्यगृहातल्या खुर्च्या मांडायला मी नसणार, त्यामुळे माझ्या मताला किती वजन द्यायचे हे त्यांनीच ठरवावे. पण यादीखाली सही एकाच माणसाची असावी, एवढे मी पुन्हा लिहिले आहे.