इंग्लंडचे चौकाचे फार्म आणि वास्तुशास्त्राचा तो फॉरवर्ड

मामाच्या गोठ्याचं काम चालू आहे, आणि नेमका आत्ताच त्याला हा फॉरवर्ड आला, आता गवंड्याला थांबवून नकाशा बदलायचं चाललंय. म्हणून लिहितेय, नाहीतर दुर्लक्ष केलं असतं. फॉरवर्ड म्हणतो की इंग्लंडमधल्या लॉर्ड लोकांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इस्टेटीवर जे चौकाचे फार्म (म्हणजे मधल्या आवाराभोवती कोठार, गोठे अशा शेतीच्या इमारती) बांधले ते आपल्या वास्तुशास्त्रावरून उचलले, शेणाची किंमत त्यांना आपल्यामुळे कळली, भिंतीतल्या उभ्या फटी बंदुका रोखायला होत्या, उंच चिमणी म्हणजे अग्निकोन. आणि शेवटी सल्ला, तुमचा गोठाही असाच दक्षिणेला उघडा ठेवा.

अहो, लिहिणाऱ्याला वास्तू तरी माहीत आहे का? वास्तूवाले सांगतात नैऋत्य जड आणि उंच, ईशान्य मोकळी. या फार्मांत सगळ्यात उंच असतं मळणीचं कोठार, ते शक्यतो उत्तरेला, आणि गुरांचं आवार दक्षिणेला उघडं, म्हणजे जवळजवळ उलटंच. तिकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला अगदी खाली असतो, त्याचं ऊन आवारात यावं आणि उत्तरेचा गार वारा कोठाराने अडवावा, एवढंच त्यामागचं कारण. आमच्याकडे सातारा भागात पावसाळाभर वारा-पाऊस नैऋत्येकडून येतो, तिकडे तोंड करून गोठा उघडा ठेवला तर गुरं चार महिने ओल्यात उभी राहतील, खुरं खराब होतील, दवाखान्याचा खर्च फॉरवर्डवाला देणार नाहीये.

शेणाचं तर विचारूच नका. अख्ख्या फार्मची रचनाच शेणखतासाठी आहे! कोठारात मळणी झाली की काड लगेच शेजारच्या आवारात अंथरायचं, गुरांनी ते तुडवायचं, तयार झालेलं खत परत शेतात. पावसाने खतातला कस वाहून जातो म्हणून पुढे आवारांवर छपरं घातली. इंग्लंडमधल्या कोल्सहिलचा १८५० च्या दशकातला फार्म बघा, मुद्दाम उतारावर बांधलाय, म्हणजे धान्य आणि काड वरून आत येतं आणि चारा खाली गुरांकडे न्यायला ओढाताण होत नाही. बेली डेंटन या इंग्रज इंजिनियरने १८६३ साली अशा फार्मांच्या नकाशांचं पुस्तकच काढलं, आणि त्याच्या लांबलचक नावातच लिहिलंय की शेतीच्या वेगवेगळ्या पद्धतींना किती आणि कशी जागा लागते ते दाखवायला हे नकाशे आहेत. शेतकऱ्याचा हिशोब आहे तो.

फटी हवेसाठी, साठवलेलं काड-धान्य कोंदट होऊ नये म्हणून. आतून रुंद, बाहेरून अरुंद असतात म्हणून लोकांना किल्ल्याची आठवण येते. चिमणी वाफेच्या इंजिनाची, मळणीयंत्र चालवायला, स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियनमध्ये अजून उभ्या दिसतात.

चौक आपल्या वाड्यातही असतो हे मान्य, पण तो रोमन घरातही होता, त्यावरून कोणी कोणाचं उचललं हे ठरत नाही. आणि काही बांधकामं निव्वळ दिखाव्याची होती हेही खरं. फॉरवर्डमध्ये टाइल्सचा आणि कारंज्याचा जो फोटो 'गोमाता मंदिर' म्हणून टाकलाय तो विंडसरच्या फ्रॉगमोरमधल्या राजघराण्याच्या डेअरीचा आहे, प्रिन्स अल्बर्टने १८५८ मध्ये बांधून घेतलेली. दूध गार राहावं म्हणून तिथे संगमरवरी टेबलं आहेत. त्या खोलीत गाय कधी बांधतच नव्हते.