सव्वातीन लाखांचा ससा

शनिवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. "सी विंगमधील एका सभासदाने फ्लॅटमध्ये कोंबड्या पाळण्यास सुरुवात केल्याचे समजते. सदर प्रकार तातडीने बंद करावा." खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातला एक अंगठा आमच्या शेजाऱ्यांचा. हे गृहस्थ आदल्याच संध्याकाळी आमच्या घरी बसून सशाला कोथिंबीर भरवून गेले होते.

तो सभासद मी. आमच्या घरात कोंबडी नाही, पिल्लू नाही. अंडीसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानातून येतात. आहे तो एक ससा. तो कसा आला ते सांगत बसत नाही. लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली, एवढ्यावरून पुढचं कुठल्याही बापाला कळेल. रंग तांबूस, मध्ये मध्ये पांढरे ठिपके, म्हणून लेकीने नाव ठेवलं चिवडा. नाशिकच्या पोरीला दुसरं सुचणार तरी काय?

चिवडा आला तो पक्ष्याच्या पिंजऱ्यात. खाली तारेची जाळी. कुत्र्या-मांजरांच्या तळपायाला गादी असते, सशाच्या पायाला नुसते केस. तारेवर बसून बसून टाचा सोलवटतात, मग जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. डॉक्टरांनी पाय उलटा करून दाखवला तेव्हा बायकोने मान फिरवली. आठ-दहा वर्षं जगणारा प्राणी आहे हा, आणि दुकानात तो बुटाच्या खोक्याएवढ्या पिंजऱ्यात घालून विकतात.

मी मोठा पिंजरा बघायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "हाच घ्या, ससा लहानच राहतो. आणि पाणी अजिबात ठेवू नका. सशाला पाणी चालत नाही, मरतो."

"मग प्यायचं काय त्याने?"

"भाजीत असतं ना पाणी."

एप्रिल महिना, बाहेर डांबर पाघळलेलं, आणि हा माणूस एसीत बसून बिसलेरी पीत मला सांगतोय की सशाला पाणी चालत नाही. विनोद बाजूला ठेवून सांगतो, या एका वाक्यापायी किती ससे तडफडून गेले असतील! गिऱ्हाईक निमूटपणे मान डोलावतं, आठवड्यात ससा मरतो आणि दुकानदार म्हणतो, "पाणी दिलं असेल तुम्ही." मग लोक दुसरा ससा घेतात. त्याच्याचकडून.

तेव्हा ठरवलं, पिंजरा नकोच. हॉलचा एक कोपरा मोकळा करायचा आणि कुंपण घालायचं. त्यासाठी अंबड लिंक रोडला एका ग्रिलवाल्याकडे गेलो. वहीतलं चित्र दाखवलं. तीन फूट उंच चौकटी, एक इंची जाळी, चौकटींना बिजागऱ्या, कडा घासून गुळगुळीत. दोन बाजूंना हॉलच्या भिंती, दोन बाजूंना या चौकटी. तळ नको, छत नको.

"तळ नको? मग लेंड्या खाली कशा पडतील?"

"पडायच्या नाहीत. तो ट्रेमध्ये करतो."

"कोण?"

"ससा."

मालकाने डोळ्यावरचा काळा चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, तुम्ही काय सांगू राहिले, मला समजूच नाही राहिलं."

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत एक काका आपल्या गॅलरीच्या ग्रिलची वाट बघत बसले होते. सरकारी नोकरीत जन्मभर मोजमापं लिहून रिटायर झालेले. खिशात स्वतःचा टेप. समजू नाही राहिलं म्हटल्यावर ते समजवायला खुर्चीसकट पुढे सरकले.

"साइज काय म्हणालात?"

"तीन मीटर बाय दोन मीटर."

"हे कोणी ठरवलं?"

मी सांगितलं की ब्रिटनमध्ये सशांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिच्या म्हणण्याप्रमाणे सशांच्या जोडीला किमान एवढी जागा लागते, आणि एक मीटर उंची.

"तुमचे ससे किती?"

"एक."

"मग निम्मी पुरे."

"तसं नसतं काका. त्याला सलग तीन उड्या मारता आल्या पाहिजेत. एक असला तरी उडी तेवढीच पडते."

"घरात उड्या कशाला मारायच्या त्याने?"

यावर मी काही बोलायच्या आत त्यांनी टेप काढला आणि दुकानासमोरच्या धुळीत तीन बाय दोनचा चौकोन आखला. वेल्डिंग करणारी दोन पोरं हातातलं काम टाकून बघायला आली. काका चौकोनाच्या मधोमध उभे राहिले.

"सहा चौरस मीटर. गुणिले दहा पॉइंट सात सहा. पासष्ट फूट धरू. तुमच्याकडे रेट काय? पाच हजार धरतो, कमीच धरतोय. तीन लाख पंचवीस हजार." मग त्यांनी पोरांकडे वळून जाहीर केलं, "सव्वातीन लाखांचा ससा!"

"ससा फुकट आलाय," मी म्हणालो.

"ससा फुकट, पण जागा? आम्ही सिडकोत राहायला आलो ना, तेव्हा एवढ्याच खोलीत चौघे भाऊ झोपायचो. सगळ्यात मोठा दाराबाहेर पाय काढून. पावसाळ्यात त्याच्या पायावर गोणपाट टाकायचो."

आता याला काय उत्तर देणार? चौघा भावांपुढे ससा टिकत नाही. पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की त्या थोरल्या भावाचे पाय मीच भिजवले. वास्तविक काकांच्या भावाला जागा कमी पडली यात चिवड्याचा काय दोष? पण आपल्याकडे कुठल्याही जिवाला बरं ठेवायचं म्हटलं की कोणीतरी आपले हाल आणून समोर ठेवतोच. हाल झालेत म्हणजे ते पुढेही वाटायचे, असा हिशोब.

"आणि शेवटी उंदराचाच भाऊ तो," काका म्हणाले.

"नाही. १९१२ पासून शास्त्राने सशांना उंदरांच्या गणातून वेगळं काढलंय. सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक बारकी जोडी असते."

काकांनी टेप सर्रकन आत ओढला. "वाटण्या झाल्या म्हणून भाऊ भाऊ नाही राहत का?"

मालकाने काम मात्र चोख केलं. बिलावर लिहिलं, 'कोंबडी खुराडा, १ नग'. मी हरकत घेतली.

"बुकात सशाचा आयटमच नाही साहेब. गेट, ग्रिल, खुराडा."

"मग ग्रिल लिहा."

"ग्रिल खिडकीला असतं."

टेम्पो सोसायटीत आला, वॉचमनने बिल वाचून रजिस्टरात जसंच्या तसं उतरवलं, आणि सेक्रेटरी रजिस्टर वाचतात. इतर काही वाचतात की नाही, शंका आहे. मेंटेनन्सच्या तक्रारी तरी नक्कीच वाचत नाहीत.

कोपरा आता झकास झालाय. गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात म्हणून रबरी मॅट आणि वर सतरंजी. ट्रेमध्ये खाली वर्तमानपत्र, वर वाळलं गवत, कारण हे महाराज खाता खाता उरकतात. गवताचीही एक कथाच आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला दिवसभर गवतच चघळावं लागतं. गाजर म्हणजे त्याची मिठाई, ते क्वचित. पेठ रोडला चारेवाल्याकडे गेलो तर तो लसूणघासच पुढे करत होता. त्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाला रोज चालत नाही. साधं वाळलं गवत मागितल्यावर त्याने विचारलं, "गाय किती लिटर देते?" वायफायची वायर पाइपात घातली आहे. नेमकी माझ्या मीटिंगमध्ये ती कुरतडली गेली होती.

खरा प्रश्न उन्हाचा. सशाला घाम जवळपास येतच नाही, अंगातली उष्णता बाहेर जाते ती कानांतून. तिशीच्या वर पारा गेला की त्याला उष्माघाताचं भय. आणि नाशिककर अजून 'आमच्याकडे हवा कशी थंड' म्हणत पाहुण्यांना बोलावतात! होती थंड, कबूल. आता मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, गंगापूर रोडला सावली शोधायची तर होर्डिंगखाली उभं राहावं लागतं. त्यामुळे आमचा कूलर कोपऱ्याकडे तोंड करून लावलाय. शिवाय गोठवलेली पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून. चिवडा तिला चिकटून लांबलचक पसरतो. आमच्या वाट्याला कूलरचा आवाज.

परवा सेक्रेटरी पाहणीला आले. कोंबडी शोधली, सोफ्याखालीसुद्धा. चिवड्याने मागचा पाय धाडकन आपटला, तसे ते दारापर्यंत मागे सरकले. "ससा असला तरी अर्ज लागेल," म्हणाले. "दोन प्रतींत."

अर्ज आणलाय. प्राण्याचं नाव लिहिलं, 'चिवडा'. जात लिहिली. लसीकरणाच्या रकान्यात रेघ मारली. पुढे 'पाळण्याचा उद्देश' असा रकाना आहे. बायको म्हणते, 'सभासदांचे मनोरंजन' लिहा. लेक म्हणते, 'उड्या'. काकांना विचारलं असतं तर त्यांनी हिशोब जोडला असता. मी तो रकाना तसाच सोडलाय, आणि अर्ज अपूर्ण म्हणून कालच परत आलाय.