सोलापुरात साप झोपेतून उठत नाहीत

पाडवा जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो मामांनी टाकला. 'सावधान! वसंत सुरू. थंडीभर झोपलेले साप आणि अस्वलं भुकेली होऊन बाहेर पडतात. घराभोवती लसूण आणि फिनाईल शिंपडा. साप चावल्यास वर घट्ट दोरी बांधा, ब्लेडनं चीर देऊन रक्त काढा. साप मारला तर त्याची मादी बदला घेते. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. पुढे पाठवा.' मामांशी ग्रुपवर कोण वाद घालणार, म्हणून इथं लिहितो.

हा मेसेज कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातून आलाय, हे पहिल्याच ओळीत कळतं. जिथं जमीन महिनोन्‌महिने गोठते तिथले साप बिळात पडून राहतात, हे खरं. आपल्याकडं थंडीत साप सुस्तावतो एवढंच. ऊन पडलं की बांधावर अंग शेकायला येतोच. घोणशींचा तर जुगण्याचा काळच हिवाळ्यात.

तरी फाल्गुन-चैत्रात साप जास्त दिसतात, हे मामांचं बरोबर. कारण वेगळं आहे. रब्बीचा जोंधळा याच दिवसांत निघतो, ऊसतोडही आटपत आलेली असते. उभं पीक गेलं की उंदीर खळ्याकडं आणि कडब्याच्या गंजीकडं सरकतात, त्यांच्या मागं साप. त्यात पारा चाळिशीकडं चढतो. सापाला अंगाचं तापमान आतून राखता येत नाही, भर उन्हात तो तडफडून मरू शकतो. म्हणून दिवसा गंजीखाली, मोरीत, रांजणाच्या ओलाव्याला बसायचं आणि रात्री फिरायचं. नेमकं तेव्हाच आपण अंगणात सतरंजी टाकून पडलेले असतो. देशात साप चावण्याचा खरा हंगाम मात्र जून ते सप्टेंबर. तेव्हा हा मेसेज कुणी पाठवत नाही.

अस्वलाचं काय सांगायचं! आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट दिसेल, लांडगा दिसेल, खोकड दिसेल. अस्वल बघायचं तर मेळघाट-ताडोबाकडं जायला हवं, आणि तिथलंही थंडीभर झोपत नाही. तिकडं या दिवसांत मोहाची फुलं पडतात, पहाटे माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात, गाठ पडते ती तिथं.

लसूण आणि फिनाईल. साप जिभेनं हवेतले कण टिपून टाळूपाशी नेतो, त्यामुळं त्याला वास कळतो. पण वास कळला म्हणून तो वाट सोडतो असं नाही. काही जण कार्बोलिक आम्ल शिंपडतात. त्यानं साप जातो की नाही ते बाजूला ठेवा, रांगत्या पोराची कातडी मात्र भाजते. त्यापेक्षा गंजी घरापासून लांब रचा, मोरीच्या तोंडाला जाळी लावा, झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचा.

आता दोरी आणि ब्लेड. इथं मला खरोखर राग येतो. आपल्या देशात 2000 ते 2019 या काळात दरवर्षी सरासरी 58,000 माणसं सर्पदंशानं गेली, असा अंदाज आहे. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्ताची गोठण्याची ताकदच जाते. अशा माणसाला चीर देणं म्हणजे नळ उघडा सोडणं. घट्ट दोरीनं विष एका जागी कोंडतं, पाय सडतो. मण्यारीचं आणखी वेगळं. ती झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घोट उतरत नाही. घरचे पित्त म्हणून ओवा देतात आणि वेळ जातो.

करायचं ते थोडं आहे. माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, सूज यायच्या आत जोडवी-बांगड्या काढा, 108 ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीनं सिव्हिल नाहीतर जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविषाचं इंजेक्शन एकच. घोणस-फुरशाचं विष रक्तात भिनलंय का हे बघायला डॉक्टर थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही की समजायचं.

आणि मादीचा बदला? साप जोडीनं संसार करत नाहीत. मारलेल्या जागी दुसरा येतो, कारण उंदीर तिथंच असतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मारणं गुन्हा आहे. वनखात्याचा 1926 हा नंबर फोनमध्ये असू द्या.

बॅटरीचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं, आणि ते मामांच्याच घरचं. गेल्या चैत्रात मामी पहाटे गंजीतून पेंडी ओढायला गेल्या. आधी उजेड पाडला, तर तिसऱ्या पेंडीखाली घोणस वेटोळं घालून बसलेली, कुकरची शिट्टी अडकावी तशी फुसफुसत. मामी चार पावलं मागं सरकल्या आणि हाक मारत घरात आल्या. म्हशीला त्या दिवशी दुपारपर्यंत कडबा मिळाला नाही.