झिजणाऱ्या मोजड्यांचा संत

ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्यात वाद पेटला. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाची डीएनए चाचणी करा, अशी मागणी एका हिंदुत्ववादी नेत्याने केली आणि मडगावात लोक रस्त्यावर उतरले. दर दहा वर्षांनी होणारं शवदर्शन तेव्हा दीडेक महिन्यावर आलं होतं. एक बाजू म्हणत होती, हाडामांसापुढे रांगा लावणं हीच अंधश्रद्धा. दुसरी म्हणत होती, आमच्या श्रद्धेला हात लावू नका. ग्रीसच्या कॉर्फू बेटावर, म्हणजे इथल्या भाषेत केर्किरावर, राहून या वादाकडे पाहिलं की वाटतं, भांडण चुकीच्या टोकापासून सुरू झालंय. इथेही एका संताचं शव जपलेलं आहे आणि ते कोणाचं, हा प्रश्न इथेही विचारता येतो. पण त्याची किल्ली कोणाकडे, ते कधी बाहेर निघणार आणि पुढे वाजंत्री कोणाची, हे प्रश्न जास्त जड आहेत. त्यांची उत्तरं मिळवायला या बेटाला काही शतकं लागली.

इथला संत म्हणजे स्पिरिडोन. मूळचा सायप्रसचा मेंढपाळ, इसवी सनाच्या २७०च्या सुमारास जन्मलेला. लग्न झालेलं, आयरीन नावाची मुलगी. पुढे ट्रिमिथुस गावचा बिशप झाला तरी मेंढ्या सोडल्या नाहीत. म्हणूनच चित्रांत त्याच्या डोक्यावर बिशपचा मुकुट नसतो, विणलेली टोपलीसारखी टोपी असते. ३२५मध्ये नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत त्याने हातात वीट दाबली, ज्वाळा वर गेली, पाणी खाली गळलं, माती मुठीत राहिली आणि एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन कसे हे सगळ्यांना दिसलं, ही गोष्ट इथल्या पोराटोरांना पाठ असते. पाचव्या शतकातल्या सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे) आणि सोझोमेन या चर्चच्या इतिहासकारांकडे मात्र ही वीट सापडत नाही. परिषदेच्या ज्या याद्या शिल्लक आहेत त्यांत त्याचं नावही नाही. ३४३च्या सार्डिका परिषदेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सायप्रसच्या बिशपांत मात्र ते आहे. म्हणजे माणूस खरा, विटेचा पुरावा नाही. या दोन वाक्यांवरून इथे कुणाचं डोकं फुटत नाही.

विटेपेक्षा सोझोमेनने सांगितलेल्या गोष्टी सरस आहेत. रात्री मेंढ्या चोरायला आलेले चोर कुंपणात अदृश्य बंधनांनी अडकले. सकाळी स्पिरिडोनने त्यांना मोकळं केलं आणि वर एक एडका दिला, रात्रभरचं जागरण फुकट जायला नको म्हणून. दुसरी गोष्ट मराठीवाल्यांनी तर वाचावीच. ट्रिफिलियस नावाचा कायदा शिकलेला बिशप प्रवचन देत होता. ‘आपली खाट उचल आणि चाल’ हे येशूचं वाक्य सांगताना त्याने ‘क्रॅबॅटोस’ हा साधा, बाजारी शब्द टाळून ‘स्किंपूस’ असा भारदस्त शब्द घातला. स्पिरिडोन तिथेच उठला. क्रॅबॅटोस म्हणणाऱ्यापेक्षा तू मोठा झालास का, की त्याचा शब्द तोंडात घ्यायची लाज वाटते, असं विचारून तो सगळ्यांदेखत चालता झाला. प्रमाणभाषा आणि बोलीभाषेच्या आपल्या वादात हा मेंढपाळ कोणत्या बाजूला बसला असता, हे सांगायला नको.

३४८च्या सुमारास तो वारला. सातव्या शतकात अरब स्वाऱ्यांच्या भीतीने शव कॉन्स्टँटिनोपलला हलवलं. १४५३मध्ये ते शहर तुर्कांच्या हाती पडल्यावर गेओर्गिओस कालोखेरेटिस या धर्मगुरूने ते गवताच्या पोत्यात दडवून, खेचरावर लादून एपिरसमार्गे कॉर्फूला आणलं, असं सांगतात. मग जे झालं ते आपल्याला फार ओळखीचं आहे. शव त्या घराण्याची मालमत्ता झालं. मुलांकडे वारसाने गेलं आणि पुढे आसिमिया या मुलीच्या हुंड्यात वूल्गारिस घराण्याकडे. तिचं लग्न १५२७चं. देऊळ, दर्शन, उत्पन्न सगळं विसाव्या शतकापर्यंत त्या घराण्याच्या हाती होतं, त्यानंतर ते चर्चकडे आलं. पंढरपूरचे बडवे-उत्पात आठवतात ना? तिथे १९७३मध्ये कायदा झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचा दावा निकालात काढला २०१४च्या जानेवारीत. पण फरक मोठा आहे. आपल्याकडे पुजाऱ्यांचा हक्क सरकारने घेतला, इथे तो धर्मपीठाने घेतला. सरकारी समितीपेक्षा हे बरं की वाईट, यावर माझं मत डळमळतं. धर्मपीठाचा हिशेब विचारायला सामान्य माणूस कुठे जाणार, हा प्रश्न इथेही उरतोच.

आता पालखी. ती वर्षातून चार वेळा निघते आणि प्रत्येकीमागे एक संकट आहे. झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची, १६२९च्या प्लेगची. हिचा मार्ग सर्वांत लांब, जुन्या तटबंदीच्या कडेने. ईस्टरच्या आदल्या दिवशीची सोळाव्या शतकातल्या दुष्काळाची, चौघींत सर्वांत जुनी. ११ ऑगस्टची १७१६च्या तुर्की वेढ्याची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारची १६७३च्या दुसऱ्या प्लेगची. शव झोपवून नेत नाहीत. काच बसवलेल्या सोनेरी पालखीत ते उभं असतं, पालखी धर्मगुरूंच्या खांद्यावर, वर छत्र. पुढे बँड, निशाणं, माणसाच्या उंचीच्या मेणबत्त्या आणि कंदील. गल्ल्या इतक्या अरुंद की मेणबत्तीवाल्याला कमरेला चामड्याचा पट्टा लावून तोल सांभाळावा लागतो.

बँडची गोष्ट डीजेवर भांडणाऱ्या प्रत्येक गणेश मंडळाला सांगण्यासारखी आहे. बेट ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होतं तेव्हा पालखीपुढे त्यांचा लष्करी बँड वाजायचा. तो त्यांनी बंद केला. गावाने मोर्चा काढण्याऐवजी १८४०मध्ये स्वतःची फिलहार्मोनिक, म्हणजे वाद्यसंगीताची, संस्था काढली. संगीताची धुरा घेतली निकोलाओस मान्झारोसने, ग्रीसच्या राष्ट्रगीताला चाल देणाऱ्याने. आज शहरात असे तीन मोठे बँड आहेत आणि मुलांना तिथे वाद्य फुकट शिकवतात. मिरवणुकीत ते एकमेकांपासून अंतर ठेवून चालतात, कारण दोन बँडचे आवाज दगडी गल्लीत एकमेकांवर आदळले की दोन्ही सूर मरतात. आपल्याकडे डेसिबलचा नियम आहे, तो मोजणारा पोलीस आहे, पण दोन मंडळांमध्ये किती अंतर असावं हे ठरवणारा माणूस नाही. नियमाने आवाज कमी होतो, सूर लागत नाही.

सगळंच गोड नाही हेही सांगायला हवं. १७१८मध्ये जुन्या किल्ल्यातलं दारूचं कोठार वीज पडून उडालं आणि तेव्हा बेटावर राज्य असलेल्या व्हेनिसचा सेनापती आंद्रेआ पिसानी त्यात मेला. तो या ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या, देवळात कॅथलिक वेदी उभारणार होता, म्हणून संतानेच हाती मशाल घेऊन कोठार पेटवलं, असं इथे आजही अभिमानाने सांगतात. चोरांना एडका देणारा माणूस एवढी माणसं जाळेल का, हा प्रश्न विचारणारा इथे तसा विरळाच.

ऑर्थोडॉक्स श्रद्धेत शवाला काय मान, याचा निवाडा ७८७च्या दुसऱ्या नायसिया परिषदेने केला आहे. उपासना फक्त देवाची. संत, चित्रं, अवशेष यांना प्रणाम. चर्चच्या वेदीत संताचा अवशेष असावा, हा नियमही तिथलाच. शव न कुजणं ही संतपणाची अट मात्र नाही. त्यामुळे डीएनएचा अहवाल काहीही आला तरी कॉर्फूची पालखी निघेल. गोव्यातल्या बऱ्याच भाविकांचंही म्हणणं हेच होतं. ते त्यांनी शांतपणे मांडलं असतं तर अधिक जणांपर्यंत पोचलं असतं.

भारतातून येणाऱ्यांनी दर्शनाची रीत माहीत करून घ्यावी. शव वेदीच्या उजवीकडच्या छोट्या खोलीत चांदीच्या पेटीत असतं. पेटी दिवसभर उघडी नसते. उपासना संपली की धर्मगुरू पायाकडची बाजू उघडतात. रांग हळू सरकते, कारण प्रत्येक जण वाकून मोजड्यांचं चुंबन घेतो. तिथे फोटो काढू नये, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. प्रार्थनेसाठी चिठ्ठी द्यायची तर जिवंत आणि मृत यांच्या वेगळ्या चिठ्ठ्या. फक्त नाव लिहायचं, आडनाव नाही. १२ डिसेंबरच्या सणाला शव पेटीतून काढून उभं ठेवतात, तेव्हा रांग सर्वांत मोठी.

मोजड्या मखमलीच्या, जरीकाम केलेल्या. त्या झिजतात. तळ इतका का झिजतो म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: रात्री बेटावर फिरतो ना तो. मग नव्या घालतात आणि जुन्यांचे बारीक तुकडे करून लोकांना देतात. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकांवर डोकं टेकवणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. स्पिरिडोनचा उजवा हात बरीच वर्षं रोममध्ये होता, तो १९८४मध्ये परत आला. झेवियरच्या उजव्या हाताचा १६१४मध्ये कापून नेलेला भाग रोममध्येच आहे.