‘मिसप्लेस्ड चाइल्डहूड’ म्हणजे जेनेसिसची झेरॉक्स? जरा थांबा

प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा (थोडक्यात ‘प्रोग’चा) विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा गोषवारा असा: ‘प्रोग १९७७ सालीच पंकने (छोट्या, रांगड्या गाण्यांच्या रॉकने) संपवला. मॅरिलियन म्हणजे जेनेसिसची झेरॉक्स. त्यांचा “मिसप्लेस्ड चाइल्डहूड” म्हणजे “केयली” हे एक हिट गाणं आणि बाकी भरताड. कन्सेप्ट-बिन्सेप्ट (अख्खा अल्बम बांधून ठेवणारी एक कल्पना) काही नाही, नशेत सुचलेली बडबड आहे. आणि आज तो ऐकतात ते फक्त जुन्या आठवणींत रमलेले काकालोक.’

मजकूर चुरचुरीत आहे, म्हणून फिरतो. त्यातला एखादा आरोप अर्धामुर्धा खराही आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. जेनेसिस हा सत्तरच्या दशकातला मोठा ब्रिटिश प्रोग बँड. जून १९८५ मध्ये ईएमआय कंपनीने काढलेला, मॅरिलियन या ब्रिटिश बँडचा हा तिसरा स्टुडिओ अल्बम. गायक आणि गीतकार फिश, म्हणजे स्कॉटलंडमधल्या डॅलकीथचा डेरेक डिक. गिटारवर स्टीव्ह रॉदरी, कीबोर्डवर मार्क केली, बासवर पीट ट्रेवावस, ड्रमवर इयन मोझली. गाणी दहा, वेळ साधारण एकेचाळीस मिनिटं. पण ‘गाणी दहा’ हे म्हणायला. एलपीची प्रत्येक बाजू सलग वाजते. एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळतही नाही.

‘प्रोग १९७७ ला संपला’

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. १९८१ साली रशचा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ आला, त्याच वर्षी किंग क्रिम्सनचा ‘डिसिप्लिन’. १९८२ साली जुन्या प्रोग बँडांतल्या चौघांनी मिळून काढलेल्या एशियाचा पहिला अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. एशियाला प्रोग म्हणायचं की नाही यावर भांडता येईल, खुशाल भांडा. पण लंडनमध्ये सोहोतल्या मार्की क्लबात त्याच सुमारास आयक्यू, पॅलस, ट्वेल्फ्थ नाइट, पेंड्रॅगन आणि मॅरिलियन हे बँड लांबच लांब रचना वाजवत होते आणि पोरं तिकीट काढून ऐकायला येत होती. जून १९८५ च्या शेवटी ब्रिटनच्या अल्बम यादीत ब्रायन फेरीला खाली ढकलून पहिल्या जागी कोण बसलं? हाच ‘मिसप्लेस्ड चाइल्डहूड’. फॅशन बदलली होती आणि संगीत पत्रकारांचा लाडका प्रकार बदलला होता, एवढं मान्य. त्याला संपणं म्हणत नाहीत.

‘जेनेसिसची झेरॉक्स’

हा आरोप जुना आहे, मॅरिलियनच्या पहिल्या दिवसांपासूनचा, आणि त्याला आधारही आहे. फिश तोंड रंगवून रंगमंचावर यायचा. जेनेसिसचा जुना गायक पीटर गॅब्रिएल याची आठवण होणारच. मॅरिलियनच्या १९८२ च्या पहिल्या बारा इंची सिंगलच्या मागच्या बाजूला ‘ग्रेंडेल’ नावाची सतरा मिनिटांची रचना आहे. तिचा शेवटचा भाग जेनेसिसच्या १९७२ च्या ‘सपर्स रेडी’मधल्या प्रसिद्ध नऊ-आठच्या ठेक्याच्या भागाशी इतका मिळताजुळता आहे की चाहत्यांनाही तिथे गप्प बसावं लागतं. मोझली तर मॅरिलियनमध्ये येण्याआधी जेनेसिसच्या माजी गिटारवादकाबरोबर, स्टीव्ह हॅकेटबरोबर वाजवत होता.

पण हा सगळा पुरावा १९८२-८३ चा आहे, आणि निकाल दिला जातो १९८५ च्या अल्बमवर.

अल्बम लावून ऐका. सत्तरच्या दशकातल्या जेनेसिसचा आवाज म्हणजे मेलोट्रॉन नावाचा कीबोर्ड, हॅमंड ऑर्गन आणि बारा तारांच्या गिटारींचं जाळं. इथे कोरस आणि डिले लावलेली स्वच्छ गिटार आहे आणि ऐंशीच्या दशकातले सिंथेसायझर आहेत. रॉदरी कमी सूर वाजवतो, एकेका सुराला ताणतो, खेचतो, लांबवर धरून ठेवतो. त्याच्यात हॅकेटपेक्षा पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मोर आणि कॅमल बँडचा अँड्र्यू लॅटिमर जास्त ऐकू येतात. नक्कलच पकडायची तर निदान बरोबर माणसाची पकडा.

खरा फरक शब्दांत आहे. गॅब्रिएलच्या जेनेसिसमध्ये ग्रीक पुराणातली पात्रं येतात, माणसांवर सूड उगवणारी झुडपं येतात, मेलेलं पोर परत येऊन क्षणात म्हातारं होतं. तो कथाकार आहे; मुखवटा चढवतो आणि दुसऱ्याची गोष्ट सांगतो. या अल्बमवरचा फिश स्वतःचा पंचनामा करतो. दारू, हॉटेलच्या खोल्या, फ्रान्समधल्या लिऑं शहरात एका वेश्येकडे दोनशे फ्रँकला मिळालेला आसरा, आपल्याच वागण्याने मोडलेलं प्रेम. मोठा होऊन काय झालो, याची लाज आहे त्यात. याचं मूळ शोधायचं तर व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडच्या पीटर हॅमिलकडे जावं लागेल.

आणखी एक. १९८५ साली जेनेसिसचा तेव्हाचा गायक फिल कॉलिन्स याचा ‘नो जॅकेट रिक्वायर्ड’ गाजत होता आणि पुढच्या वर्षी जेनेसिसचा ‘इनव्हिजिबल टच’ आला. जुन्या जेनेसिससारखं वाजवणं जेनेसिसनेच सोडून दिलं होतं. मॅरिलियन आणि जेनेसिस, दोघांचे १९८५-८६ चे अल्बम शेजारी ठेवले तर लांब पल्ल्याची रचना कोण करत होतं ते कानाला लगेच कळतं.

‘एक हिट गाणं आणि बाकी भरताड’

‘केयली’ मे १९८५ मध्ये सिंगल म्हणून आलं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिल्या जागी ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावरच्या आगीतल्या पीडितांसाठी काढलेलं मदतगीत होतं; त्याला हरवणं शक्य नव्हतं, आणि हरवलं असतं तर वाईटच दिसलं असतं. त्या गाण्यानंतर ब्रिटनमध्ये मुलींची नावं केयली ठेवायची लाटच आली. गाणं गोड आहे, एकदा ऐकून तोंडात बसतं. पण गोड असणं म्हणजे विकलं जाणं, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

आता गोडव्याखाली काय आहे ते बघा. एक माणूस जुन्या प्रेयसीला आठवणी सांगतोय, प्रत्येक आठवणीनंतर माफी मागतोय, आणि शेवटी कबूल करतोय की जे प्रेमगीत लिहायचं होतं ते अजून लिहून झालेलंच नाही. केयलीचं उत्तर कुठेच येत नाही. रेडिओवर हे गाणं संपतं. अल्बमवर ते संपतच नाही, सरळ ‘लॅव्हेंडर’च्या पियानोत शिरतं. आणि त्याच्या आधी ‘स्यूडो सिल्क किमोनो’ आहे: जवळजवळ फक्त कीबोर्ड आणि आवाज, दोन-सव्वादोन मिनिटं, रात्री एकटा बसलेला, मोडून पडलेला माणूस, आणि त्याच्याशी बोलायला आलेलं त्याचं हरवलेलं बालपण. अल्बमचं नाव तिथल्याच ओळीतून आलंय. त्या खोलीतून ‘केयली’कडे आलात की ती प्रेमकविता राहत नाही, माणूस एवढा मोडला कशाने, याचा तो पहिला जबाब होतो. लग्नाच्या अल्बममधला एकच फोटो बघून लग्न कसं झालं ते सांगू नये, एवढंच माझं म्हणणं.

‘भरताड’बद्दल. ‘लॅव्हेंडर’ हेही सिंगल म्हणून पाचव्या क्रमांकावर गेलं, तेव्हा ‘एकच हिट’ हे आकड्यातही चूक आहे. पण आकडा बाजूला ठेवा. ‘लॅव्हेंडर’चा पाया म्हणजे इंग्लंडमधलं शतकांपूर्वीचं एक बालगीत. बागेत पाण्याचे फवारे उडतायत, पोरं त्यातल्या इंद्रधनुष्यांतून धावत गातायत, हा माणूस बाहेरून बघतोय. अल्बमवर जेमतेम अडीच मिनिटं. पुढे ‘बिटर स्वीट’ ही पाच तुकड्यांची रचना येते आणि तिच्यात लिऑंमधल्या त्या वेश्येचा प्रसंग आहे. त्या प्रसंगाला धून कोणती? ‘लॅव्हेंडर’चीच. बालगीताच्या सुरावटीवर दोनशे फ्रँकची रात्र. हे मुद्दाम केलंय, आणि एकदा कळलं की अंगावर येतं. सिंगल ऐकून सोडून देणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, कारण त्याच्या कानावर पहिलीच धून पडलेली नाही.

‘कन्सेप्ट नाही, नशेतली बडबड’

कल्पना एलएसडी घेतलेल्या अवस्थेत सुचली हे फिशने स्वतःच अनेकदा सांगितलंय. ते लपवायचं कारण नाही, मिरवायचंही नाही. पण सुचणं वेगळं आणि बांधणं वेगळं. पाच माणसांनी रचलेली एकेचाळीस मिनिटं, रोलिंग स्टोन्सबरोबर काम केलेला ख्रिस किमसीसारखा निर्माता, आणि १९८५ च्या वसंतात बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत, भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, केलेलं ध्वनिमुद्रण. एवढं सगळं एका रात्रीच्या नशेवर उभं राहत नाही.

बांधणी आरशाने तपासता येते. पहिली बाजू ‘हार्ट ऑफ लोथियन’ने संपते. त्यात आधी एडिंबराच्या रॉयल माइल या रस्त्यावर हिंडणाऱ्या पोराचा माज आहे, आणि मग अगदी शेवटी आवाज खाली येतो: आरशातल्या माणसाचे डोळे उदास आहेत. बाजू संपली. एलपी उलटायला उठायचं ते हे डोक्यात घेऊन. दुसऱ्या बाजूला ‘चाइल्डहूड्स एंड?’ येतं, तेव्हा तो पुन्हा आरशाकडे वळतो आणि त्याला तिथे ते मूल दिसतं, जे एके काळी प्रेम करायचं. नावाच्या पुढचं प्रश्नचिन्ह छपाईची चूक नाही. बालपण संपतं का, हाच प्रश्न आहे, आणि उत्तर नकारार्थी आहे. मुखपृष्ठावर मार्क विल्किन्सनने काढलेला सैनिकी गणवेशातला मुलगा आणि मॅगपाय पक्षी हेही याच गोष्टीतले. मागच्या बाजूला आधीच्या दोन अल्बमांवरचा विदूषक खिडकीतून पळून जाताना दिसतो. मुखवटा गेला, मूल उरलं.

या दोन आरशांच्या मध्ये ‘ब्लाइंड कर्व्ह’ आहे, साडेनऊ मिनिटांच्या आसपास. माझ्या मते अल्बमचा खरा गाभा हाच, आणि रेडिओला याचं काही करता आलं नसतं. टोरंटोत असताना फोनवर कळलेली मित्राच्या मृत्यूची बातमी इथे आहे. मग सगळं शांत होतं, फक्त पुटपुटणं उरतं. आणि त्या शांततेतून बँड हळूहळू चढत जातो. चढल्यावर फिश स्वतःबद्दल बोलणं थांबवतो आणि खिडकीबाहेर बघतो. लाँड्रीत बसून नवऱ्याच्या कपड्यांतल्या आठवणी धुणारी युद्धविधवा. पश्चिम जर्मनीच्या महामार्गांवरून रेंगाळणारे लष्करी ताफे. कारखान्यांवर काळे झेंडे, गरिबांच्या ओठांशी सूपच्या पळ्या. फॉकलंडचं युद्ध होऊन तीन वर्षं झाली होती, खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप मार्च १९८५ मध्ये मोडून पडला होता, आणि हे सगळं विभागलेल्या बर्लिनमध्ये बसून ध्वनिमुद्रित होत होतं. याला नशेतली बडबड म्हणायचं असेल तर त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांनाही तेच म्हणा.

चाहत्यांच्या आंधळेपणाबद्दल बोलायचं तर एक जागा माझी मी दाखवतो. शेवटचं ‘व्हाइट फेदर’. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लढायला न गेलेल्या पुरुषांच्या हातात बायका पांढरं पीस ठेवायच्या, भित्रेपणाची खूण म्हणून. फिश तेच पीस अभिमानाने लावतो आणि आपल्याला राष्ट्र नाही म्हणतो. विचार उत्तम. पण ‘ब्लाइंड कर्व्ह’ची कडू खोली आणि ‘चाइल्डहूड्स एंड?’चा दिलासा यांच्यानंतर मुठी वर करून गायचं हे समूहगान घाईत चिकटवल्यासारखं वाटतं. अल्बमने अडीच मिनिटं आधी थांबायला हवं होतं. टीका करायचीच असेल तर इथे करा, इथे जागा आहे.

‘काकालोकांचा अल्बम’

काकालोक ऐकतात, यात वाद नाही. चाळीस वर्षं उलटली, तेव्हाची पोरं आता काकाच असणार. पण नुसत्या आठवणींत रमणारा श्रोता काय करतो? जुनी कॅसेट लावतो आणि झोपतो. या बँडच्या श्रोत्यांनी काय केलं ते नोंदलेलं आहे. फिश १९८८ मध्ये बाहेर पडला, पुढच्या वर्षी त्याच्या जागी गायक म्हणून स्टीव्ह होगार्थ आला. १९९७ साली अमेरिकेचा दौरा पैशांअभावी होत नव्हता, तर चाहत्यांनी इंटरनेटवरून आपापसांत साठ हजार डॉलर जमवले आणि बँडला बोलावून घेतलं. मग २००१ च्या अल्बमसाठी बारा हजारांहून जास्त लोकांनी तो तयार होण्याआधीच पैसे भरले. ‘क्राउडफंडिंग’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. आठवणींत रमणारे लोक न झालेल्या अल्बमसाठी खिशात हात घालत नाहीत.

आणि हा अल्बम फक्त त्याच पिढीकडे राहिला असंही नाही. २०१७ च्या नव्या आवृत्तीसाठी त्याचं सराउंड मिश्रण पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनने केलं; त्याला मानणारी तरुण पोरं त्या वाटेनेही मॅरिलियनपर्यंत येतात. फिशने २००५ मध्ये, वीस वर्षं झाल्यावर, अख्खा अल्बम गात दौरा केला आणि तिसाव्या वर्षी पुन्हा एकदा, ‘फेअरवेल टु चाइल्डहूड’ या नावाने. आवाज तेव्हा पूर्वीसारखा चढत नव्हता, गाणी खालच्या पट्टीत आणावी लागली. क्रम मात्र मूळचाच ठेवला. त्या खालच्या पट्टीत, साठीकडे झुकलेल्या माणसाच्या तोंडून ‘केयली’ची माफी मला तरी मूळ सिंगलपेक्षा जास्त खरी वाटते.