‘घरबसल्या शोध’ म्हणणाऱ्या निनावी वाचकाला

निनावी साहेब (किंवा बाई, नाव टाकलं असतंत तर नीट हाक मारता आली असती),

जॉर्जियाचा चित्रकार निको पिरोस्मानी याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते आधी इथे डकवतो, म्हणजे मी वाकडं केलं असं कुणी म्हणायला नको. "ज्याचा चेहरा देशाच्या नोटेवर छापलाय त्याला अपरिचित म्हणणं आणि घरबसल्या स्क्रीनवर चित्रं बघून 'मला सापडला' म्हणणं, दोन्ही गंमतशीर. ती चित्रं कॅनव्हासवर नाहीत, मेणकापडावर आहेत. गुलाबांची गोष्ट दंतकथा आहे. आणि आपल्याकडचे चित्रकार संपले का? थोडा अभ्यास करून लिहीत जा."

मेणकापडाचं बरोबर आहे. मी घाईत एका ठिकाणी कॅनव्हास लिहून गेलो, आता दुरुस्त केलंय. चूक दाखवलीत त्याबद्दल आभार, मनापासून. पण चूक दाखवायला "थोडा अभ्यास करून लिहीत जा" हे शेपूट लागतंच का? मी गेली सहा वर्षं ऑफिसहून आल्यावर, जेवणं झाल्यावर, रात्री साडेदहाला बसून हे लिहितोय, कुणी मला पैसे देत नाही, आणि लोक मात्र चहा पिता पिता दोन ओळीत मास्तरकी करून जातात.

नोटेवर आहे, हो, 1 लारीच्या (लारी म्हणजे जॉर्जियाचं चलन). लेखातच लिहिलंय मी ते, तिसऱ्या परिच्छेदात, तुम्ही तिथवर पोचला नसाल. अपरिचित म्हणजे जॉर्जियात अपरिचित असं मी कुठे म्हटलंय? तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमधे दहा जणांना निको पिरोस्मानी कोण विचारा, औषध कंपनीचं नाव वाटेल त्यांना.

आता ते "घरबसल्या". रात्रभर हाच शब्द डोक्यात फिरतोय, त्यामुळे याच्यावर जरा लांबण लागणार.

माझा मामा मिरजेत बोर्ड रंगवायचा. पेंटर. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, लग्नाच्या हॉलवर 'सुस्वागतम्', सगळं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याचे डबे धुवायला असायचो आणि टर्पेंटाइनचा वास हाताला इतका बसायचा की आजी मला ताटावर बसू द्यायची नाही. एकदा चिकनच्या दुकानाचा बोर्ड होता, पत्रा आधी सगळा काळा मारून वाळवलेला. मामा कोंबडी काढत होता, पांढरा, मग पिवळा, मग तुऱ्याचा लाल, आणि डोळ्याची जागा आली तेव्हा मी काळ्याचा डबा उघडून पुढे केला तर म्हणाला, "काळा कशाला रे, हाय की खाली." डोळा त्याने लावलाच नाही, भोवतीनं रंग लावत आला आणि मधे ठिपका सोडला. कोंबडी बघायला लागली.

पिरोस्मानीचं बहुतेक काम याच्यावर उभं आहे हो! काळं मेणकापड घ्यायचं आणि जिथे काळं हवं तिथे रंगच लावायचा नाही. केस, भुवया, रात्र, बैलाच्या अंगावरची सावली, सगळं खालचं कापड आहे. त्याचा तो जिराफ लॅपटॉपवर मोठा करून बघत होतो, रात्री एक वाजता, सरळ आपल्याकडे बघतो तो, आणि मला मिरजेतला पत्रा आठवला. मी पिरोस्मानी 'सापडला' लिहिलं ते याच्यासाठी. स्क्रीनवर बघितला, हो. जॉर्जियाच्या राजधानीचं, तिबिलिसीचं, तिकीट तुम्ही काढून देताय का?

आणि सापडणं म्हणजे काय हे आपण त्याच्याच बाबतीत बघू. 1862 चा जन्म, जॉर्जियातल्या काखेती प्रांतातल्या मिर्झानी गावचा, रेल्वेत ब्रेकमन होता, मग दुधाचं दुकान टाकलं, ते बुडालं, मग तिफ्लिसच्या (तिबिलिसीचंच जुनं नाव) दारूच्या गुत्त्यांसाठी पाट्या आणि भिंतीवर टांगायची चित्रं करायला लागला, बऱ्याचदा जेवणाच्या आणि दारूच्या बदल्यात. 1912 मधे ले दांत्यू नावाच्या चित्रकाराने आणि झ्दानेविच बंधूंनी (एक चित्रकार, एक कवी) गुत्त्यातली ही चित्रं पाहिली, आणि पुढच्या वर्षी त्यातली काही मॉस्कोच्या प्रदर्शनात लागली. कलेच्या इतिहासात याला 'शोध' म्हणतात. पण ज्यांचा तो गुत्ता होता ते तर कित्येक वर्षं त्याच चित्रांखाली बसून जेवत होते! त्यांना नव्हता का माहीत? मग त्या तिघांनाही तुम्ही गंमतशीर म्हणा. (तिथे जाऊन पाहिलं त्यांनी, हे कबूल. ते राहायचेच तिकडे, दोघे भाऊ तरी.)

अजून एक. 1916 ला जॉर्जियन चित्रकारांच्या मंडळाने त्याला बोलावून घेतलं, थोडे पैसेही दिले, आणि लगेच पेपरात त्याच्यावर व्यंगचित्र आलं, या वयात शिकायला पाहिजे अशा धर्तीचं. फार लागलं ते त्याला. दोन वर्षांत गेला, 1918 ला, आणि त्याची कबर नक्की कुठे आहे तेही कुणाला ठाऊक नाही. 'शिकून या' म्हणणाऱ्यांची परंपरा जुनी आहे एवढंच म्हणतो. मी स्वतःला पिरोस्मानी समजत नाही, उगाच तसा अर्थ काढू नका.

मामाकडचं काम फ्लेक्स आल्यावर दोनेक वर्षांत संपलं. पुढे मी मुंबईत एका गॅलरीत, नाव घेत नाही, पाटी रंगवणाऱ्यांच्या कामाबद्दल विचारलं तर काउंटरवरच्या बाईंनी मला कुरियरवाला समजून पार्सल कुठे ठेवायचं ते दाखवलं. तेव्हा आत कोण जाऊ शकतं आणि घरबसल्या कुणाला बघावं लागतं हे मला कमेंटमधून शिकायची गरज नाही.

आपल्याकडच्या चित्रकारांबद्दल, कितीदा उत्तर देऊ? अकोल्यात जन्मलेल्या आणि ऑस्लोत वारलेल्या अंबादासांवर मी दोन भाग लिहिलेत, त्याला एकूण तीन प्रतिक्रिया, त्यातली एक माझ्या बहिणीची. तुमची नव्हती.

गुलाबांचं राहिलं. नटी मार्गारिटासाठी त्याने सगळं विकून गाडाभर फुलं पाठवली ही गोष्ट सगळं जग सांगतं, गाणं आहे त्याच्यावर, तिचं पांढऱ्या झग्यातलं चित्र आहे 1909 चं, आता खरंखोटं करत बसायला मी काही वकील नाही. परिच्छेद काढणार नाहीये. सुरुवातीला 'म्हणतात' एवढा शब्द घातलाय, तो तुमच्यामुळे घातला असं कृपया समजू नका.

पुढच्या शनिवारी फिनलंडची चित्रकार हेलेन श्यर्फबेक. तीही तिच्या देशात प्रसिद्ध आहे, आधीच सांगून ठेवतो.